मळलेली पानं

मंगळवारी सकाळी बायको गेली. त्यानंतर महिनाभर मी तिच्या खोलीचं दार उघडलं नाही. दवाखान्यातून परत आलेल्या पिशवीत तिची जुनी भयकादंबरी होती. पानं सुटली होती, म्हणून कसबा पेठेतल्या एका बाइंडरकडे नेली.

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि पानांच्या कडांवरून अंगठा फिरवला.

“भूत येतं ती पानं बघा, कोरी आहेत. मळलीत त्याच्या आधीची, बाई बंद दारापाशी उभी आहे ती. प्रत्येक भयकादंबरीचं हेच. वाचणारा दारापाशीच अडकतो.”

“मग पुढे कसं जायचं?”

“पान उलटून. अहो, मी शिवून देतो. उलटायचं काम तुमचं.”

घरी तिच्या खोलीच्या कडीवर हात ठेवून बराच वेळ उभा राहिलो, मग कडी काढली. आत खुर्चीवर तिची शाल होती. आता ते दार उघडंच असतं.