जांभळ्या पुंगळ्या

व्हर्लिन बुस बोलण्याआधी नाकाने लांब श्वास ओढतो आणि मग फळीवरच्या डब्यावरचं लेबल वाचावं तसं बोलतो.

"सोळा बोअरची काडतुसं… आता… कुणी वापरत नाही, आर्डिस."

"मी वापरते की."

"तू एकटीच."

"मग मी कुणी नाही का?"

व्हर्लिनने पुन्हा श्वास ओढला. "कंपनी अख्ख्या पेटीपेक्षा कमी माल पाठवत नाही. माझ्याकडे पडून राहतो. बारा बोअर घे. सगळे घेतात."

आत्याने काउंटरवरचे हातमोजे उचलले. "सगळ्यांना दे मग," म्हणाली आणि बाहेर पडली.

आर्डिस टोलेफसन ही माझ्या वडिलांची मोठी बहीण. मिनेसोटाच्या आमच्या या कोपऱ्यात शाळेची बस तीच चालवते. तिच्या बसमध्ये कुणी "बसा" ऐकलेलं नाही. तिथे "बूड टेका" म्हणतात. थंडीत रस्ता दिसेनासा झाला की इतर गावांच्या बस परत फिरतात. आत्या काच खाली करून डोकं बाहेर काढते आणि तशीच चालवते.

तिची बंदूक आजोबांची. आत्या लहान होती तेव्हा तिच्या खांद्याला बंदुकीचा लाकडी दस्ता लांब पडायचा, म्हणून आजोबांनी तो करवतीने कापला. ती उंच झाल्यावर कापलेला तुकडा शोधून पुन्हा चिकटवून दिला. सांधा अजून दिसतो. आत्या उभी राहते ती गाल त्या सांध्याच्या जरा पुढे टेकवून. ही बंदूक टाकून दुसरी घे म्हणणं म्हणजे गाल बदल म्हणण्यासारखं होतं.

गुरुवारी गावाबाहेरच्या क्लबात मातीच्या तबकड्या हवेत उडवून बंदुकीने फोडतात. एका ओळीत पाच जण, आळीपाळीने एकेक बार. आत्याची जागा पहिली. आता व्हर्लिनच दुकानदार आणि व्हर्लिनच क्लबाचा अध्यक्ष, त्यामुळे काडतुसं बंद झाली हे त्याला सगळ्यांच्या आधी माहीत होतं. तिच्या जागेसाठी त्याने आपला भाचा गेलन हेरून ठेवला होता. गेलनची बंदूक नवीकोरी, बारा बोअरची, आणि आरशासारखी चकचकीत. फेरी अर्ध्यात सोडली तर जागा गेली, हा क्लबाचा जुना नियम.

आत्याने पुढच्याच शनिवारी एका शेतकऱ्याच्या घरसामानाच्या लिलावात काडतुसं भरायचं यंत्र उचललं. लोणच्याच्या बरण्यांखाली पडलं होतं, सोळा बोअरच्या साच्यांसकट. ते तिने तळघरात कपडे धुण्याच्या यंत्रापासून लांब, जाड फळीवर पक्कं बसवलं.

आत्याचे यजमान डेलमर काका जिन्यावरून वाकून बघत होते. काकांचं प्रत्येक वाक्य एकाच शब्दाने सुरू होतं. "बरं, हे उडालं तर?"

"नाही उडत."

"बरं, पण उडालं तर?"

"तर तुला आधी कळेल. तू वरच्या मजल्यावर असतोस."

आत्या स्वयंपाक करते तेव्हा माप नावाची गोष्ट त्या घरात नसते. लोणी किती, तर हात म्हणेल तितकं. तळघरात मात्र वेगळीच बाई अवतरली. काडतुसं भरण्याचं नवं पुस्तक समोर उघडं. त्यात छापलेली बारूद, छापलेली टोपी, छापलेलं बूच, आणि त्यात रतीभर फरक नाही. टेबलावर बारुदीची एकच बाटली. सिगारेट नाही, रेडिओ नाही, बोलणं नाही. उडालेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी यंत्रात ठेवायची, दांडा एकदा खाली की जुनी टोपी बाहेर. मग ठिणगी पाडणारी नवी टोपी, बारूद, तिच्यावर दाबायचं बूच, छर्रे, आणि शेवटी पुंगळीचं तोंड घड्या घालून मिटायचं.

तोंड मिटण्यातच घोडं अडलं. पहिल्या काडतुसांच्या घड्या वेड्यावाकड्या आल्या. पाईची कड दुमडण्यात जत्रेत बक्षीस घेतलेल्या बाईला हे सहन होईना.

"हे काय थोबाड आहे," ती काडतुसांना म्हणाली. पण टाकली नाहीत. एकेका पुंगळीत टॉर्च मारून बारूद बघूनच ती मिटलेली होती. जुन्या कोटाच्या खिशात गेली. पुढची सगळी मात्र सुबक आली. कंपनीचीही मान खाली जावी अशी.

गुरुवारी ती पहिल्या जागेवर उभी राहिली. सोळा बोअरच्या पुंगळ्या जांभळ्या असतात. व्हर्लिनच्या लाल आणि गेलनच्या हिरव्या ढिगात लगेच दिसतात. जमिनीवर पडेल ते क्लबाचं, असा रिवाज. म्हणून आत्याने बंदुकीला पिठाच्या पोत्याची पिशवी बांधली होती. पुंगळी उडाली की पिशवीत.

"आर्डिस, अंडी गोळा करतेस का?" मागून कुणीतरी म्हणालं.

"हो. कोंबडे कामाचे नाहीत म्हणून."

पहिल्या तबकड्या फुटल्या. मग आत्याच्या बंदुकीतून भलताच आवाज आला. धडाम नाही, डबक्यात ओला बूट पडावा तसा, भुप्प. छर्रे दोन पावलांवर गवतात सांडले. मागच्या बाकावर हसू फुटलं. गेलनने तर भुप्प, भुप्प करत दोनदा म्हणून दाखवलं, आणि खरं सांगायचं तर ते त्याला जमत नव्हतं.

"चालू दे," व्हर्लिन म्हणाला. "ऊन उतरतंय. पुढचं मार."

आत्या हलली नाही. बंदुकीचं तोंड शेताकडेच ठेवून तिने ती रिकामी केली, नळी उतरवली आणि गजाने टोचली. आतलं बूच अडकून बसलं होतं, ते टप्पकन खाली पडलं. पुढचं मारलं असतं तर आजोबांची नळी फाटली असती, आणि तिचा हातही.



"काल भरताना डेलमर कॉफी घेऊन आला," आत्या म्हणाली. "विचारलं, साखर घालू का. मी हो म्हटलं. तेवढ्यात एकात बारूद पडायची राहिली." तिने सुबक काडतुसांची पेटी बंद केली. "कदाचित आणखीही असतील. यातलं एकही मारणार नाही."

व्हर्लिनने श्वास ओढला. "मग… फेरी सुटली. गेलन, ये."

"गेलन, बूड टेक," आत्या म्हणाली.

गेलन खरंच बसला. तिच्याच बसमधून शाळेत गेला होता तो.

तिने मोटारीतून जुना कोट आणला आणि खिशातून ती टॉर्च मारून बघितलेली वेडीवाकडी काडतुसं काढली. एक तर इतकं तिरकं मिटलं होतं की डोळा मारल्यासारखं दिसत होतं. तिने गाल सांध्यापुढे टेकवला. धडाम. तबकडीची भुकटी झाली. त्यानंतर काही फुटल्या, काही सुटल्या. जिंकली कुणी दुसरंच. पण फेरी तिने संपवली, आणि जागा तिचीच राहिली.

भुप्प झालेली पुंगळी क्लबाच्या आतल्या फळीवर खिळ्याने ठोकायची, खाली नाव लिहायचं, हीसुद्धा तिथली रीत. लोक ती चुकवायला बघतात. आत्याने स्वतः हातोडा मागितला. जांभळी पुंगळी हल्ली कुठे मिळत नाही, तरी ती तिने फळीच्या बरोबर मधे ठोकली आणि नाव एवढं मोठं लिहिलं की शेजारच्या दोघांची झाकली गेली.

व्हर्लिन मागे येऊन उभा राहिला. लांब श्वास.

"आमच्या म्हाताऱ्याची एक सोळा बोअर… कपाटात आहे. तू चार भरून देशील?"

"नाही," आत्या म्हणाली. "दुसऱ्याने भरलेलं मारायचं नसतं. पुस्तक माझ्याकडे आहे. रविवारी तळघरात ये. आणि येताना तोंड बंद ठेवून ये."