चिमटीत धरलेली तार

तारेवरचं रबर काका दातांनी सोलत. तार दाढेखाली धरायची, मान एका बाजूला झटकायची, निघालेलं रबर थुंकून टाकायचं आणि उघड्या तांब्याकडे कौतुकानं बघत म्हणायचं, "तार म्हंजे तार, डाक्टर. ते काय विलायतेची अन् काय अमडापूरची."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ज्या वस्तूला हात लावू नका म्हणून आपण हात जोडतो, नेमकी तीच ती उघडून बसतात.

मी अमडापूरला दवाखाना घातला तेव्हा नवं राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली होती. आमच्या गल्लीत वीज यायची होती. माझ्याकडे खामगावच्या एका व्यापाऱ्याकडून घेतलेली जुनी मोटार होती आणि समोरच्या घरात काका होते. वांगी-मिरचीचे बागाईतदार, पन्नाशी उलटलेले, डोक्याला रुमाल. मोटारीतली वीज ही त्यांनी जवळून पाहिलेली पहिली वीज. तिच्यावर त्यांचा जीवच जडला. पहिल्या दिवशी त्यांनी "पाहू का जरा?" एवढं विचारलं होतं. ते पाहणं पुढं सहा वर्षं चाललं.

हॉर्न बसका वाटला म्हणून त्यांनी त्याला वेगळी तार दिली. मग हॉर्न दाबला की दिवे मिणमिणू लागले. दिवे सुधारले, तर ब्रेक दाबला की हॉर्न वाजू लागला. बाजाराच्या दिवशी बैल बुजायचे आणि गाडीवान माझ्याकडे वळून बघायचे. मी तणतणत काकांकडे गेलो, तर त्यांनी मलाच समजावलं. "ब्रेक कायले लावता तुमी? समोर कोनी असंन म्हनूनच ना? मंग हॉर्न वाजला त बरंच हाये."

घरात भिंतीवर असतात तसली काळी बटणं त्यांनी कुठून तरी आणली आणि स्टिअरिंगशेजारी फळीवर ओळीनं पाच बसवली. पाचवं कशाचं होतं हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

फ्यूज सारखा उडायचा, म्हणून त्या जागी त्यांनी सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळून बसवला. तो कधीच उडाला नाही. तारा पेटण्याआधी जळून जावा यासाठीच फ्यूज असतो, हे मी त्यांना किती वेळा सांगितलं याला गणती नाही. जे जळायसाठीच बसवायचं ते बसवायचं कशाला, असं त्यांचं म्हणणं. मी चिडायचो, पण बटण दाबल्यावर दिवा लागायचा. आणि जवळपास दुसरा मिस्त्री नव्हता.

सहाव्या वर्षी त्यांची मुलगी शांता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. नववा महिना नुकता लागला होता. एका दुपारी तिला रक्तस्राव सुरू झाला. मी गेलो, तपासलं, पोटाला नळी लावून बराच वेळ ऐकलं. बाळाचे ठोके लागले नाहीत. मी कुणाला काही बोललो नाही. आई वाचवायची तर बुलढाण्याचं मोठं हॉस्पिटल गाठायला हवं होतं, आणि त्या घडीला रडारड नको होती. शांताला मागच्या सीटवर तिच्या आईच्या मांडीवर निजवलं, काका माझ्या शेजारी बसले आणि आम्ही निघालो.

चिखली अजून दूर असताना बटणांच्या फळीमागून धूर आला. रबर जळाल्याचा वास सुटला. मी गाडी थांबवेपर्यंत काकांनी फळीमागं हात घालून तारांचा तो जळता गुंता उपटून बाहेर काढला. वितळलेलं रबर त्यांच्या तळव्याला चिकटलं होतं. इंजिन बंद पडलं होतं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मागं शांता कण्हत होती.

तेव्हा मी बोललो. वर्षानुवर्षांची चीड होती म्हणा, भीती होती म्हणा. मी म्हणालो, "काका, आज या पोरीचं नाहीतर बाळाचं काही झालं, तर ते तुमच्या या तारांमुळे होईल, एवढं ध्यानात ठेवा."

त्या गाडीची बॅटरी पुढच्या सीटखाली होती. तिथून खिडकीवाटे बॉनेटखालच्या, इंजिनाला ठिणगी देणाऱ्या कॉइलपर्यंत काकांनी सरळ तार नेली. एक तुकडा पुरेना, म्हणून दोन घेतले. पण जळलेलं तांबं पीळ दिला की तुटत होतं. शेवटी ती दोन टोकं त्यांनी चिमटीत एकमेकांवर दाबून धरली आणि मला म्हणाले, "हँडल मारा."

गाडी सुरू झाली. चिमूट सैल झाली की इंजिन आचके द्यायचं. बुलढाण्यापर्यंत ते तसेच वाकून बसले होते. बोटांमध्ये ठिणग्या उडत होत्या, तळव्याचे फोड फुटले होते. मागं शांता "बाबा" म्हणून हाक मारायची. ते "हाव बाई, हाव" म्हणायचे; पण मान वळवली तर हात हलेल, म्हणून त्यांनी एकदाही मागं पाहिलं नाही.

शांता वाचली. बाळ मेलेलंच जन्मलं.

त्यानंतर काकांनी माझ्या गाडीला हात लावला नाही. हाताच्या पट्ट्या सुटल्या, तरी नाही. पंधरा दिवसांनी मी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो आणि सांगितलं, की बाळ आपण निघायच्या आधीच गेलं होतं, तारांचा त्यात काही संबंध नव्हता. त्यांनी एवढंच विचारलं,

"मंग रस्त्यात काऊन नाई सांगतलं?"

सहा वर्षं मी त्यांच्यावर खेकसत आलो होतो, आणि एवढ्या साध्या प्रश्नापुढे मी खाली मान घालून बसलो. त्यांनी घरातून पाणी मागवलं, मला दिलं. त्यावर पुन्हा बोलणं झालं नाही.

दुसऱ्या दिवशी मीच बॉनेट उघडून तारा जोडायला बसलो. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. काका ओट्यावरून बघत होते. तासाभरानं मी सीटखालच्या बॅटरीच्या दोन्ही टोकांवर पाना आडवा ठेवला आणि भला मोठा जाळ झाला. ते उठून आले, माझ्या हातातला पाना काढून घेतला आणि म्हणाले, "सरका. गाडी जाळून टाकसान." त्या खेपेला त्यांनी खरा फ्यूज बसवला. मला दाखवून बसवला.

पुढच्याच वर्षी मी अमडापूर सोडलं. सामान भरून निघालो तेव्हा काका रस्त्याच्या मधोमध उभे होते. आरशात पाहिलं, तर दोन्ही हात वर करून हलवत होते. मीही खिडकीबाहेर हात काढून हलवला. ते आणखी जोरात हलवू लागले, चार पावलं पळालेसुद्धा.

चिखलीला चहासाठी थांबलो, तेव्हा हॉटेलवाल्यानं सांगितलं की मागचा ब्रेकचा लाल दिवा सारखा जळतोय. काकांचे ते हलणारे हात आठवले आणि मी स्वतःवरच वैतागलो. परत फिरायला वेळ नव्हता. दिव्याची तार उपटली आणि पुढं निघालो.

सहा महिन्यांनी शांताचं पत्र आलं. काका मिरचीला पाणी देता देता मळ्यातच गेले होते. तिला पुन्हा दिवस गेले होते, तेही लिहिलं होतं. आणि खाली एक ओळ होती: बाबा सारखे विचारत, डॉक्टरांनी मागचा दिवा दुरुस्त केला का म्हणून.

मी तो अजून केलेला नव्हता.