सांगून वाढणाऱ्या रूथबाई

रेल्वे स्टेशनबाहेर पडून असलेल्या माणसांना ‘उद्या काय खाणार?’ असं विचारणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. ती म्हणजे आमच्या पुंडलिकनगरातल्या शेजारीण रूथबाई साळवे. मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गेले तेव्हा फुटपाथवरचा एक म्हातारा मानेला झटका देत म्हणत होता, “बैंगन नक्को बाई, कल बी बैंगनच था.” आणि रूथबाई ओशाळून, “चुकलं चाचा, कल भेंडी लाती,” असं सांगत होत्या. मला हसू आवरेना. परत येताना म्हटलं, “अहो, फुकट मिळतंय त्यात फर्माईश कसली?”

“भीक मिळंल ती खावी लागती, देशपांडेबाई,” त्या म्हणाल्या. “माणसाला कधी तरी ‘मला हे नको’ म्हनता आलं पायजे का नाय?”

सिल्लोडकडच्या एका खेड्यातला जन्म, मग मिशनच्या वसतिगृहात शिक्षण आणि पुढे तीस-पस्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स. निवृत्तीनंतर बाकीच्या बायका गुडघे सांभाळत बसतात, रूथबाईंनी मात्र रोज सकाळी आठ-नऊ जणांचा स्वयंपाक सुरू केला. पितळी डबे, पाण्याची कळशी आणि एक जुनं जाजम घेऊन त्या रिक्षानं स्टेशनवर जात. आधी जाजम अंथरत, मग प्रत्येकाच्या हातावर पाणी घालत. डबा उघडण्यापूर्वी क्षणभर डोळे मिटत, पण ओठसुद्धा हलत नसत. त्यांच्या चर्चमधले कोणी म्हणत, दोन शब्द प्रभूचे सांगा की त्यांना. त्यावर यांचं उत्तर ठरलेलं: “पोटात आग आसताना कानात प्रार्थना घालू नये. त्यानं विचारलं तर सांगीन.” मी शिक्षिका, शाळा दुपारची असल्यामुळे सकाळी मोकळी असे. सुरुवातीला गंमत म्हणून गेले आणि मग जातच राहिले.

स्टेशनच्या कुंपणाला टेकून एक जोशीबुवा बसत. वेरूळच्या बाजूचे. घरातून बाहेर कसे पडले ते कधी बोलले नाहीत. मळलेलं धोतर, पण अंघोळ मात्र नळावर रोजची. ते रूथबाईंच्या डब्यातलं काही घेत नसत. “तुम्ही ख्रिस्ती. तुमच्या हातचं शिजवलेलं मला चालायचं नाही,” हे त्यांनी पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगितलं होतं. केळं, फुटाणे, चुरमुरे, एवढ्यावर ते होते. महिन्याभरात गालांची हाडं वर आली, पाय सुजले. रूथबाईंनी लांबूनच पावलांकडे पाहिलं आणि मला म्हणाल्या, “ही सूज अन्नावाचूनची हाये. आसंच चाललं तर बुवा पावसाळा काढत नाहीत.”

माझा राग अनावर झाला. “मरेना का! उपाशी मरेल पण ताठा सोडणार नाही. तुमचा एवढा अपमान करतो आणि तुम्ही त्याचे पाय न्याहाळत बसा!”

“रागावू नका वो. घर गेलं, मान्सं गेली. त्यांच्यापाशी एवढं एकच उरलंय, ते बी आपन काढून घ्यायचं व्हय?” मग म्हणाल्या, “माझ्या हातचं चालत नाय, तुमच्या हातचं तर चालंल?”

झालं! घरी लेकासाठी सकाळी दोन पोळ्या लाटायचा कंटाळा करणारी मी, जोशीबुवांसाठी वरण-भात-पोळीचा डबा नेऊ लागले. बुवांनी माझं गोत्र विचारून घेतलं आणि मग जेवले. दीड-दोन महिन्यांत पायांची सूज उतरली. माझ्या स्वयंपाकाबद्दल मात्र त्यांनी चकार शब्द काढला नाही.

एक दिवस छावणीतल्या चर्चमध्ये लग्न होतं. रूथबाईंनी पहाटेच सगळ्यांचं रांधून डबे माझ्या स्वाधीन केले आणि त्या लग्नाला गेल्या. इकडे कणीक भिजवली आणि माझा सिलिंडर संपला. घड्याळात दहा वाजत आलेले. मी फार विचार केला नाही. रूथबाईंच्या डब्यातली ज्वारीची भाकरी आणि मेथीची भाजी माझ्या स्टीलच्या डब्यात भरली आणि बुवांपुढे ठेवली. ते पोटभर जेवले. बोट चाटून म्हणाले, “आज हाताला चव आलीय, बाई!”

संध्याकाळी हे मी रूथबाईंना अगदी रंगवून सांगितलं. वाटलं, त्या खूश होतील. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

“देशपांडेबाई, हे काय केलं तुमी?”

“पोट भरलं ना त्यांचं?”

“पोट भरलं, पन मानूस फसला. प्रभूच्या नावानं आन्न न्यायचं आन् त्यात खोटं कालवायचं?” त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. लग्नातली साडीसुद्धा न बदलता त्या चपला घालू लागल्या. मी दारात आडवी झाले. “सांगू नका. सांगितलंत तर ते पुन्हा कुणाच्याच हातचं खाणार नाहीत. तुम्हीच म्हणालात, मरतील म्हणून!”

“व्हय,” त्या म्हणाल्या. “त्याचंच भ्या वाटतंय मला.” आणि गेल्या. मीही मागोमाग गेले.

बुवांपुढे उभं राहून त्यांनी हात जोडले. “बुवा, सकाळची भाकर माझ्या घरची व्हती. तुमाला न सांगता वाढली. चूक झाली, माफ करा.” माझं नाव त्यांनी घेतलं नाही. बुवा उठून नळाखाली कपड्यांसकट बसले आणि कितीतरी वेळ चुळा भरत राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझा डबा घेतला नाही. केळंही घेतलं नाही. तिसऱ्या दिवशीही तेच. रूथबाईंनी त्या दोन दिवसांत घरी चूल पेटवली ती फक्त स्टेशनवरच्यांसाठी, स्वतः पाण्यावर राहिल्या. मला मात्र दोन्ही वेळा जेवण गेलं, हे लाज सोडून लिहिते.

चौथ्या दिवशी मी साजूक तुपातला शिरा करून नेला. बुवांनी हातानं बाजूला सारला. मग रूथबाईंकडे वळून खोल गेलेल्या आवाजात विचारलं, “तुमच्या डब्यात काय आहे?”

“पिठलं. माझ्याच हातचं हाये, बुवा.”

“ते कळलं. वाढा.”

रूथबाईंनी डावानं पिठलं वाढलं. बुवा सावकाश जेवू लागले. माझा तोल गेला. “मग माझ्या शिऱ्याचं काय वाईट?”

बुवांनी मान वर केली. “त्या दिवशी डबा तुम्ही उघडलात, बाई. माफी मात्र ह्यांनी मागितली. ह्या काय वाढतात ते सांगून वाढतात. तुमच्या डब्यात कुणाचं काय आहे, मला काय कळावं?”

कानशिलात बसावी तसं झालं. मी शिऱ्याचा डबा झाकला. परतताना रिक्षात फुरंगटून बसले, तर रूथबाई म्हणतात, “मागून टाका की माफी. त्याला काय मुहूर्त लागतो?” पोरांना कान धरायला लावण्यात माझी सारी नोकरी गेली, पण स्वतःचे कान धरायला मला आठ दिवस लागले. बुवांनी नुसतं “बरं” म्हटलं. त्यानंतर ते दोघींचं खाऊ लागले. फक्त माझा डबा उघडला की विचारत, “कुणी केलं?” मी “मीच” म्हणायची. मग ते रूथबाईंकडे बघत. रूथबाईंनी मान डोलावली की घास घेत. ख्रिस्ती बाईच्या ग्वाहीवर देशपांड्यांचं अन्न शुद्ध होऊ लागलं! आमच्या सासूबाईंना हे कळलं असतं तर त्यांनी मला घरात घेतलं नसतं.

त्याच वर्षी थंडीत रूथबाई गेल्या. दोन दिवस छातीत दुखतंय म्हणत होत्या, तिसऱ्या दिवशी सकाळी उठल्याच नाहीत. दवाखान्यात जन्मभर दुसऱ्यांच्या नाड्या धरल्या, स्वतःची कुणाला धरू दिली नाही. त्यांना माती देऊन आलो त्या रात्री मी खूप रडले. शेजारीण पुष्कळ मिळतात. मला ‘तुमचं चुकलं’ असं तोंडावर सांगून पुन्हा माझ्याच हाताला धरून नेणारी कुठून मिळणार?

पुढल्या सकाळी मी एकटीच स्टेशनवर गेले. सगळे जेवले. बुवांपुढे डबा उघडला.

“कुणी केलं?”

“मीच.”

सवयीनं त्यांची नजर माझ्या शेजारी गेली. तिथं कुणी नव्हतं. मग त्यांनी ताटली पुढे केली.

“वाढा,” म्हणाले. “आता तुमचं तुम्हालाच खरं बोलावं लागेल.”