भावाचं पाकीट घेतलं कोणी

धाकट्या भावाचा नवा पासपोर्ट टपालानं घरी पोचला, असं मोबाइलवर दिसत होतं. घरात मात्र तो कोणी पाहिला नव्हता, आणि भावाची दुबईची नोकरी त्याच्यावाचून अडली होती. पेणहून एसटीनं रोह्याजवळच्या आमच्या गावी आले ती मी पोस्टमनच्या नावानं दातओठ खातच. माणूस वर्षानुवर्षांच्या ओळखीचा, म्हणून त्याच्याविरुद्ध बोलायला कोणी तयार नव्हतं. मला तर त्याच्या नव्या मोटारसायकलचाही संशय येत होता. मी तक्रार ठोकून दिली.

पोस्टाचे निरीक्षक चौकशीला घरी आले. पोस्टमन मान खाली घालून मागे उभा होता.

"पाकीट कोणाला दिलंस?"

"आयेच्या हातात, साहेब. दादा कंपनीत शिफ्टला गेलेले."

आमच्याकडे असंच चालतं. जो दारात भेटेल त्याच्या हातात टपाल ठेवायचं. पण पासपोर्ट ज्याचा त्यालाच द्यायचा, असा नियम आहे, आणि साहेब त्यावर अडून बसले.

"आजी, तुम्ही घेतलं होतं?"

"नाय," आई म्हणाली.

सापडला चोर, असं वाटून मला बरंच वाटलं. पोस्टमननं आईला खोटं पाडलं नाही. "चूक माझीच हाय," एवढंच म्हणाला. त्याचा हा साळसूदपणा मला आणखीच खटकला.

चहा पिता पिता साहेब मला हळूच म्हणाले, "पासपोर्ट सापडेल का, असं तुमच्या आई एकदाही विचारत नाहीत."

मी आईकडे पाहिलं. एक कोंबडी दिसेनाशी झाली तर गाव डोक्यावर घेणारी ही बाई गप्प बसून होती. थोरला भाऊ दुबईला गेला, तो बाबांच्या मातीलाही पोचला नव्हता.

साहेबांनी कप खाली ठेवला. "आजपासून तुझं काम बंद," ते पोस्टमनला म्हणाले. "पुढचं वरून कळेल."

आई उठून आत गेली आणि देव्हाऱ्यामागून पाकीट घेऊन आली. फोडलेलंही नव्हतं. साहेबांनी हात पुढे केला, तिनं ते पोस्टमनच्या हातात दिलं.

"परत धाड रे," म्हणाली. "घर बंद होतं, म्हणून लिव."