अक्काचं स्टूल

आमच्या लॉन्ड्रीत हॉटेलांच्या चादरी येतात. दिवसभर गरम रोलर, वाफ आणि उभ्यानं काम. त्या खोलीत एकच स्टूल होतं आणि त्याच्यावर हुकूम चालायचा अक्काचा. आम्हा सगळ्यांत ती जुनी. प्रत्येकीनं आपला नंबर आला की थोडा वेळ बसायचंच, अशी तिची सक्ती.

मी नवी होते, अंगात रग होती. म्हटलं, "अक्का, मी दमले नाहीये."

"म्हणूनच बस गं. दमल्यावर बसायला काय अक्कल लागते?"

असा राग यायचा! ही कोण मोठी लागून गेली? मग एकदा तिच्या घरी गेले आणि तिची थोरली बहीण पाहिली. आमच्याच रोलरवर राबलेली, कधी कशाला नाही न म्हटलेली, मालकाची लाडकी. आता भिंतीकडे तोंड करून पडून असते. स्वतःचे केस विंचरायचाही तिला उबग येतो. अक्काच विंचरून देते. त्यानंतर मी मुकाट्यानं बसू लागले.

मग नवा मॅनेजर आला. आल्या आल्या त्यानं स्टूल उचलून केबिनमध्ये नेलं आणि त्यावर फायली रचल्या मेल्यानं! "बसायचा पगार मिळत नाही," म्हणाला.

अक्कानं रोलर बंद केला आणि सरळ फरशीवर बसकण मारली.

"उठा, नाहीतर उद्यापासून येऊ नका."

ते अख्खं घर अक्काच्या एकटीच्या पगारावर चालतं. तिचा चेहरा उतरला होता, खोटं कशाला सांगू! पण जागची हलली नाही. "साहेब, एक बहीण वाया गेली या रोलरपायी. दुसरी जाणार नाही. आणि या पोरीही नाहीत."

माझं डोकंच फिरलं. मीही फतकल मारली. मग एकेक करत सगळ्याच बसल्या. बाहेर हॉटेलची गाडी हॉर्नवर हॉर्न मारत होती. मॅनेजरनं आधी धमक्या दिल्या, मग हातापाया पडला. गाडी रिकामी परत गेली असती तर मालकानं त्यालाच घरी बसवलं असतं. शेवटी गेला आणि स्वतःच्या हातानं स्टूल घेऊन आला.

"घ्या, बसा एकदाच्या," अक्काला म्हणाला.

अक्का गुडघ्यावर हात टेकून उठली, रोलर सुरू केला. "माझा नाही, हिचा नंबर आहे."

मी मुळीच दमले नव्हते. तरी बसले, त्याच्या नाकासमोर, चांगली पाय पसरून.