मुंगी मरी गयी

सरळच सांगते, मी माझ्या थोरल्या जाऊबाईंवर जळत होते. सवत असती तर निदान चारचौघींत बोलता तरी आलं असतं. अक्कांबद्दल काय बोलणार? दीर गेल्यापासून पारोळ्याच्या घरात त्या एकट्याच होत्या, पदरी मूलबाळ नाही. माझी बाळंतपणाची रजा संपली तशी एक पत्र्याची पेटी घेऊन त्या जळगावला, पिंप्राळ्यातल्या आमच्या दोन खोल्यांत आल्या, माझी लेक सांभाळायला. नवरा धुळ्याला नोकरीला, शनिवारी एस.टी.नं यायचा. मी दिवसभर कचेरीत. मग लेक कुणाची झाली, ते तुम्हीच सांगा.

संध्याकाळी मी धापा टाकत घरी यायचे, चपला दारात भिरकावून हात पुढे करायचे, "ये गं आईकडे." बाईसाहेब माझ्याकडे पाहुणीकडे पाहावं तशा पाहायच्या आणि अक्कांच्या खांद्यात तोंड खुपसायच्या. अकराव्या महिन्यात पहिला शब्द फुटला तो 'माय', आणि तोही अक्कांना. मी तिच्यापुढे 'आई, आई' घोकून थकले होते. माझे वडील धुळ्याला मास्तर. आमच्या घरात कुणी 'सगळं'ऐवजी 'बठ्ठं' म्हटलं तरी डोळे वटारायचे. आणि माझ्या पोटची पोर अक्कांच्या मांडीवर बसून अहिराणी शिकत होती. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

त्यातून ती मुंगी! पोर बसता बसता कलंडली, भिंतीला डोकं लागलं, की अक्का जमिनीवर फाडकन हात मारून ओरडायच्या, "मुंगी मरी गयी! देख, मुंगी मरी गयी!" पोर रडणं विसरून मुंगी शोधायची, मग स्वतःही जमिनीला दोन चापट्या मारून हसायची. मी एकदा करून पाहिलं. शुद्ध मराठीत म्हटलं, "मुंगी मेली हं, बाळा." तिनं माझ्याकडे पाहिलं आणि दुप्पट भोकाड पसरलं.

तो रविवार ऐन उन्हाळ्यातला. सगळी कॉलनी सकाळच्या टीव्हीपुढे बसलेली, नवरा कटिंगला गेलेला, आणि अक्का गच्चीवर बिबडे, म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड, घालत होत्या. वर जाण्याआधी त्यांनी पोरीला दिवाणावर झोपवून कडेला दोन उश्या लावल्या होत्या. त्यांना तो दिवाण पसंतच नव्हता. लेकरू भुईवर गोधडीवरच बरं, असं त्यांचं म्हणणं. दिवाणाचा हट्ट माझा. मी पाहिलं, घरात आपण दोघीच. म्हटलं, आत्ता तरी ही माझी आहे. उश्यांमुळे मला जागा होईना, म्हणून त्या काढून खुर्चीवर टाकल्या आणि तिला कुशीत घेऊन पडले. तिच्या टाळूला खोबरेल तेलाचा वास येत होता. तेलही अक्कांनीच लावलेलं. इतक्यात दूध करपल्याचा वास आला. धावत आत गेले, गॅस बंद केला, ओटा पुसायला फडकं उचललं आणि बाहेर धप्प आवाज झाला.

पोर फरशीवर पालथी. क्षणभर तिचा आवाजच फुटेना, मग जो टाहो फोडला! मी उचललं, छातीशी धरलं, "काही नाही झालं, आई आहे ना," म्हणत राहिले. कपाळावर बघता बघता लिंबाएवढं टेंगूळ आलं. अक्का पिठाच्या हातांनी जिना उतरून आल्या. पोरीनं माझ्या कडेवरून दोन्ही हात तिकडे टाकले, "माय!" मी दिली. द्यावीच लागली. अक्कांनी पितळी वाटी गार पाण्यात बुडवून टेंगळावर दाबून धरली आणि पोर जरा शांत झाल्यावर दिवाणाकडे पाहिलं. कडेला उशी नव्हती.

"अरे देवा, उशी लावानी ऱ्हायी गयी वं," त्या कपाळावर हात मारून म्हणाल्या. "मन्हीच चूक शे."

मला फक्त तोंड उघडायचं होतं. मी नाही उघडलं.

नवरा आल्यावर पोरीला डॉक्टरांकडे नेलं. उलटी झाली किंवा गुंगी आली तर आणा, नाहीतर काळजी नको, असं ते म्हणाले. येताना रिक्षात मी नवऱ्याला म्हटलं, "अक्कांना आता झेपत नाही हो. थोडे दिवस पारोळ्याला जाऊ द्या त्यांना. मी आठ दिवस रजा टाकते." किती गोड बोलले मी! घरी त्यानं अक्कांना सांगितलं, तेव्हा त्या पेटी भरायला बसल्या. सोमवारी सकाळी त्याच्याबरोबरच पेटी घेऊन निघाल्या. जाताना एवढंच सांगितलं, की दुपारी बिबडे उलटून ठेव.

झालं माझ्या मनासारखं. तिसऱ्या दिवशी पोर खुर्ची धरून उभी राहिली, हात सुटला आणि मटकन खाली बसली. मी हात पुढे केले. तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. जमिनीवर पंजा आपटला, एकदा, दोनदा, आणि दाराकडे बघत राहिली. "माय?" म्हणाली, विचारल्यासारखं. रडली असती तर मी समजूत काढली असती. रडले मीच. आणि खोटं कशाला सांगू, तेव्हाही आधी हेवाच वाटला, लाज मागून आली.

कॉलनीतल्या एका कंडक्टरकडे त्याच संध्याकाळी अक्कांसाठी निरोप धाडला आणि दुसऱ्या दिवशी सकाळची धुळ्याची एस.टी. धरली. वाटेत पारोळ्याला अक्का स्टँडवर उभ्याच होत्या. कडेवर पोर, खांद्याला पिशवी, उतरताना पायरीवरून माझा पाय निसटला. पोरीला अक्कांनी वरच्या वर झेललं, मी गुडघ्यांवर आदळले. आणि माझ्या तोंडून, मास्तरांच्या लेकीच्या तोंडून, निघालं, "ओ माय वं!"

अक्कांनी पोरीला कडेवर सारखं केलं आणि वाकून एस.टी.च्या पायरीवर फाडकन हात मारला. "मुंगी मरी गयी! ऊठ!"

पोर खदखदून हसली. खाली उभे असलेले लोकही हसले. मी तिथंच धुळीत बसून म्हटलं, "अक्का, उश्या मी काढल्या होत्या."

त्या पोरीच्या कपाळावरून अंगठा फिरवत होत्या, उतरलेलं टेंगूळ शोधत. "उतरनं वं बठ्ठं," म्हणाल्या आणि मला उठवायला दुसरा हात पुढे केला.