दिवा मी बंद केला होता

गेम खेळायच्या रिमोटवरचा दिवा बंद करायला मला नऊ दिवस लागले. तो बंद करून मी काय घोळ घातला, हे कळायला आणखी आठ. मी मूळची कल्याणची, सॉफ्टवेअरमधली, लग्न होऊन शेणव्याजवळच्या गावात आले आणि आता घरूनच काम करते. यंत्राच्या पोटात शिरून त्याला आपल्या मनासारखं वागायला लावायचं, हा माझा पोटापाण्याचा उद्योग. यंत्र ऐकेनासं झालं की माझं डोकं फिरतं. माणसांच्या बाबतीतही फारसं वेगळं नाही. सासूबाई पाहुण्यांना सांगतात, हिला राग यायला टाइम लागत नाय, जायला लागतो.

माझे सासरे भातसा धरणावर दरवाजे चालवायच्या खोलीत कामाला होते. निवृत्त होऊन भातसानगरची खोली सोडली आणि गावच्या घरी आले. दीडेक वर्ष शेतात बरं गेलं, मग एका सकाळी त्यांच्या अंगावरून वारं गेलं. पाय हळूहळू सावरला. बोलणंही परत आलं, पण एका शब्दापासून दुसऱ्या शब्दापर्यंत जायला त्यांना वेळ लागायचा, आणि तेवढ्या वेळात आमच्यापैकी कोणीतरी ते वाक्य पुरं करून टाकायचं. उजव्या हाताची बोटं तेवढी मिटेनात. भात कालवायचा तर बोटांतून सांडायचा. डाव्या हाताने चमचा धरून ते आतल्या खोलीत, दार लोटून जेवायला लागले. ताट मीच नेऊन ठेवायची आणि मागे न बघता बाहेर यायची. पूर्वी हा माणूस पंगतीत चौथ्यांदा भात मागून घ्यायचा.

माझी नणंद मुरबाडला दिलेली आहे. तिला मुलगी झाली तेव्हा बाबा उठून बसायला लागले होते. तिच्या सासरी अशी रीत आहे की बाळाच्या उष्टावणाला पहिला घास आईच्या वडिलांनी भरवायचा, तोही चमच्याने नाही, उजव्या हाताच्या बोटाने. बाबांनी निरोप धाडला की मामाला भरवू दे. मामा म्हणजे माझा नवरा. नणंद फोनवर रडली आणि मग सासरी भांडली. मुलीचं उष्टावण विषम महिन्यात करतात, पाचव्यात ठरत आलं होतं, ते तिने सातव्यावर ढकललं. बाबा येतील आणि बाबाच भरवतील, असं तिने तिकडे सगळ्यांना सांगून टाकलं. इकडे बाबांना रबरी चेंडूही दाबता येत नव्हता.

चेंडू शहापूरच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी दिला होता. बाबांनी तो दोन दिवस दाबला आणि तिसऱ्या दिवशी खिडकीत ठेवून दिला. मग बाईंनीच विचारलं की घरात कुणाचा गेमचा रिमोट आहे का. त्याच्या मागच्या बाजूला बोटाने ओढायचा एक खटका असतो, थोडा ओढला तर थोडं, जास्त ओढला तर जास्त. तर्जनीला त्याच्याइतका चांगला व्यायाम नाही म्हणाल्या. नवऱ्याचा बिनवायरचा रिमोट कपाटात धूळ खात होता. जुना लॅपटॉप टीव्हीला जोडून आम्ही ट्रॅक्टरने शेत नांगरायचा गेम लावून दिला. बाबांनी पाच मिनिटं नांगरलं आणि म्हणाले, चिखल कुठं हाय? पण ट्रॅक्टर पुढे जात होता, आणि तो त्यांच्या उजव्या बोटाने जात होता. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांना हसावं की रडावं ते समजेना.

अडचण झाली ती दिव्याची. रिमोटच्या पुढच्या कडेला निळ्या-पांढऱ्या उजेडाची पट्टी होती. आजारानंतर बाबांना झगमगीत उजेड सोसत नव्हता, आणि ही पट्टी टीव्हीच्या काचेत उमटून थेट त्यांच्या डोळ्यांत यायची. दहा मिनिटांत कपाळ धरून डोळे मिटून घ्यायचे. मी पट्टीवर काळी चिकटपट्टी लावली, तर फटीतून उजेड येतच राहिला आणि पट्टीचा गोंद त्यांच्या बोटांना लागला. बनवणाऱ्यांनी दिवा कमी करायची सोयच ठेवली नव्हती. कुणा शहाण्याला वाटलं असेल की इतका सुंदर दिवा कोण कशाला कमी करेल.

संगणक आणि रिमोट यांच्यात दुभाष्याचं काम करणारा एक छोटा प्रोग्राम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. नेहमीचा ड्रायव्हर दिव्याबद्दल बोलायला तयार नव्हता, तेव्हा मी स्वतःचा लिहायला घेतला. परदेशातल्या कुणा अनोळखी माणसाने आपला ड्रायव्हर सगळ्यांसाठी फुकट ठेवला होता, त्यावरून सुरुवात केली. दिव्याचा उजेड शून्य ते दोनशे पंचावन्न अशा आकड्यात सांगायचा असतो. वायर लावून आकडा पाठवला की दिवा निमूट ऐकायचा. वायर काढली की ढिम्म. बाबांना वायर नको होती, ती त्यांच्या दुखऱ्या पायात यायची. रोज दुपारी ऑफिसच्या दोन मीटिंगांमध्ये मी त्या रिमोटशी भांडत बसायची. शेवटी कळलं की बिनवायरच्या निरोपाच्या शेवटी सगळ्या आकड्यांचा एक ताळा जोडावा लागतो, तो जुळला नाही तर रिमोट निरोप सरळ फेकून देतो, आणि फेकल्याचं सांगतही नाही. मी ताळा करताना पहिलाच आकडा विसरत होते. तो धरला, शून्य पाठवलं, आणि दिवा विझला. मी स्वयंपाकघरात जाऊन सासूबाईंना मिठी मारली. त्यांच्या हाताला पीठ होतं.

रिमोट मी मोठ्या ऐटीत बाबांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी तो उलटसुलट केला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, दिवा... पुढचं मीच बोलले. म्हटलं, हो बाबा, मी बंद केलाय. आता काही काळजी नाही. त्यांनी मान हलवली आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. मला फोन आला म्हणून मी वर गेले.

त्या दिवसापासून बाबा खेळायचे थांबले. रोज अकराच्या सुमारास ते टीव्हीसमोरच्या खुर्चीत येऊन बसायचे. रिमोट मांडीवर, हात गुडघ्यांवर. पडद्यावर ट्रॅक्टर बांधाला उभा. अर्धा-पाऊण तास बसायचे आणि उठून जायचे. पहिले दोन दिवस मला वाटलं दमले असतील. तिसऱ्या दिवशी वाईट वाटलं आणि पाचव्या दिवसापासून राग यायला लागला. नऊ दिवस मी डोळे फोडून हे केलं आणि यांना बोट हलवायला नको. नवऱ्याला म्हटलं, तुझ्या वडिलांनी मनातून सोडून दिलंय, तुझ्या बहिणीला सांग की भाचीला तूच भरवणार. त्यालाही तसंच वाटत होतं बहुतेक, फक्त ते मोठ्याने म्हणायचं काम माझ्याकडे असतं. फिजिओथेरपिस्ट बाईंनीही सांगितलं की असं होतं, या आजारात माणसाची उमेद जाते. आम्ही सगळे बाबांच्या उमेदीबद्दल बोलत होतो. बाबांशी कोणी बोललं नाही.

आठव्या दिवशी सासूबाई शेतावर गेल्या होत्या. मी गॅसवर दूध ठेवलं आणि बाहेर आले, तर बाबा तसेच बसलेले. माझा तोल गेला. म्हटलं, बाबा, नको असेल तर नको म्हणा, मी उचलून ठेवते. मला तरी कळू दे.

त्यांनी तोंड उघडलं. पहिला शब्द येईना. एरवी मी काहीतरी पुरवून मोकळी झाले असते, पण त्या दिवशी मी रागात होते आणि मला त्यांच्याच तोंडून ऐकायचं होतं. मी समोर खाली बसले. दूध उतू गेल्याचा वास आला तरी उठले नाही.

"तू बंद केलास," ते म्हणाले. मग बराच वेळ गेला. "ज्यानं बंद केला... त्यानंच सांगायचा. चालू झाला म्हणून."

मी म्हटलं, म्हणजे काय?

"तोवर... हात लावायचा नाय. आत कोणाचा तरी... हात असतो."

मग ते एकेक शब्द जोडत सांगत राहिले आणि मी ऐकत राहिले. त्यांच्या खोलीत प्रत्येक दरवाजाचा एक दिवा होता. खाली कोणी गिअरला ग्रीस लावायला, दोर तपासायला उतरणार असला की आधी तोच वरचा वीजपुरवठा बंद करायचा आणि दिवा विझायचा. कोणी बंद केला त्याचं नाव पाटीवर लिहून बटणाला अडकवायचं. मग साहेब येवो नाहीतर साहेबाचा साहेब, त्या बटणाला हात लावायचा नाही. खाली उतरलेला माणूस वर येऊन स्वतःच्या तोंडाने चालू करा म्हणेपर्यंत वाट बघायची. तास लागो, दिवस लागो. नोकरीच्या पहिल्या दिवशी त्यांना हेच शिकवलं होतं, आणि पुढे त्यांनी ते हाताखालच्या प्रत्येकाला शिकवलं होतं.

मी दिवा विझवला होता. मी बंद केलाय असं माझ्या तोंडाने सांगितलं होतं. आणि नंतर रोज त्यांना दिसत होतं की मी वर उघड्या माळ्यावर टेबलाशी वायरींच्या पसाऱ्यात मान खाली घालून बसले आहे. ते माझं ऑफिसचं काम होतं. त्यांना वाटलं, मी अजून त्यांच्या यंत्रात उतरलेली आहे.

"मला वाटलं... तुला लागंल," बाबा म्हणाले.

मी तिथेच रडले. सासऱ्यांसमोर अशी कधी रडले नव्हते. ते घाबरले आणि डाव्या हाताने टेबलावरचा पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवू लागले. आठ दिवस हा माणूस माझ्या बोटांची काळजी करत स्वतःचं बोट आवरून बसला होता, आणि मी घरभर सांगत सुटले होते की याने हातपाय गाळले.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर पुन्हा उघडला. शून्य काढून टाकलं. निळ्याच्या जागी मंद नारिंगी उजेड ठेवला, डोळ्यांना न टोचणारा, पण बघितला तर दिसणारा. आणखी एक गोष्ट केली. मागचा खटका किती ओढला जातोय तेही संगणकाला आकड्यातच कळतं, त्या आकड्याशी दिवा जोडून दिला. बोट जेवढं ओढेल तेवढा उजेड किंचित वाढायचा, एका मर्यादेपर्यंतच. आधी बाबांना विचारून घेतलं की एवढा चालेल का, एवढा सोसतोय का. एका उजेडाला ते नको म्हणाले, तो कमी केला. उत्तराला वेळ लागायचा, मी थांबायची. मला थांबणं जमत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. सासूबाई स्वयंपाकघरातून डोकावून बघून गेल्या.

मग मी त्यांच्यासमोर उभं राहून म्हटलं, "बाबा, माझं काम झालं. चालू करा."

"बरं," म्हणाले, आणि खटका ओढला.

पुढचे दोन महिने रोज सकाळी अकराला मी खाली येऊन तेवढं वाक्य म्हणायची आणि मगच ते सुरुवात करायचे. मी मीटिंगमध्ये अडकले तर बसून राहायचे. नवऱ्याने म्हटलेलं चालायचं नाही. बोट सुधारलं, पण सरळ रेषेत नाही. मधे एक आठवडा ताप आला आणि सगळं मागे गेलं. एकदा त्यांनी रिमोट खाली टाकला आणि त्याचा कोपरा फुटला. उजेड कधी वाढायचा, कधी तिथल्या तिथे राहायचा, आणि बाबा तो धरणावरच्या दरवाजाच्या दिव्याकडे बघावं तशा गंभीर चेहऱ्याने बघायचे. जेवण आतल्या खोलीतच, दार लोटूनच चालू होतं. त्याबद्दल मी विचारलं नाही.

सातव्या महिन्यात आम्ही सगळे मुरबाडला गेलो. ओटा माणसांनी भरलेला. नणंदेने बाळाला मांडीवर घेतलं, चांदीच्या वाटीत खीर आली. कुणीतरी हळूच म्हणालं की डाव्या हाताने भरवलं तरी देवाला चालतं. दुसऱ्या कुणीतरी सुचवलं की मामाने नुसता मनगटाला आधार द्यावा. नवरा अर्धा उठला, मी त्याचा शर्ट धरून त्याला खाली बसवलं.

बाबांनी तर्जनी वाटीत बुडवली. बोट वाकलं, थरथरलं, खिरीचा पहिला थेंब बाळाच्या झबल्यावर पडला. त्यांनी बोट पुन्हा वाटीत नेलं. त्याला किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही, पण तेवढा वेळ बाळ तोंड उघडून थांबलं होतं. मग बोट पोचलं. बाळाने तोंड मिटून घेतलं आणि ते बोट बराच वेळ सोडलं नाही. नणंद डोळे पुसत होती, माझ्याही डोळ्यांना धार लागली होती.

बाबांनी बोट परत घेतलं, त्याच्याकडे बघितलं, आणि एवढ्या सगळ्या माणसांसमोर, लेकीच्या सासरी, उरलेली खीर स्वतःच्या तोंडात घालून चाटली. सासूबाई हबकून बघत राहिल्या.

"साखर कमी हाय," बाबा म्हणाले, आणि पुन्हा वाटीत बोट घातलं.